लाल टोपण, नारिंगी टोपण

बाबांना इन्सुलिन लागलं ते २०११ च्या ऑक्टोबरात, आणि बाबा गेले २०१३ च्या मे महिन्यात. गोव्यातल्या आमच्या वाड्यावर या दोन तारखा अजून एकाच दमात सांगतात. ‘मास्तरांना सुई लावली आणि दीड वर्षात सगळं आटोपलं.’ सांगणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. मागच्या घरातल्या आजींचं तसंच झालं, देवळाकडच्या दुकानदाराचंही तसंच झालं. तीन माणसं, तीन सुया, तीन तेरावे. एवढं समोर दिसत असताना वेगळं कोण कशाला म्हणेल?

मी त्या दोन तारखांच्या आधीचंही पाहिलंय, म्हणून लिहायला बसले.

बाबांना शुगर निघाली १९९७ साली. पहिली दहा वर्षं गोळ्यांवर बरी गेली. नंतर उपाशीपोटीचा आकडा दोनशेच्या खाली यायचंच विसरला. फोंड्याचे आमचे डॉक्टर दर खेपेला इन्सुलिनचा विषय काढायचे आणि बाबा दर खेपेला म्हणायचे, ‘तीन महिने द्या, आणतो खाली.’ मग ते तीन महिने कारल्याचा रस, भात बंद, पहाटे देवळापर्यंत चालणं. आकडा थोडा खाली यायचा आणि परत जागेवर जायचा. असे कितीतरी तीन महिने गेले. २०११ मध्ये चवथीच्या आधी ते गणपतीवरच्या माटोळीचं सामान आणायला बाजारात गेले होते. चपलेत बारीक खडी शिरली. तशाच चपलेने ते अर्धा दिवस फिरले आणि घरी आले तेव्हा मोज्यासारखं रक्त पायाला लागलेलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. पायाची जाणीव कधीच गेली होती. सप्टेंबरभर हळद आणि मलम झालं, बोट काळं पडलं, मग बांबोळीचं सरकारी इस्पितळ. तिथे बोट काढलं आणि तिथेच पहिल्यांदा इन्सुलिन सुरू झालं. तोवर मूत्रपिंडांनी बरंचसं काम सोडून दिलं होतं.

म्हणजे इन्सुलिन आमच्याकडे सगळ्यात शेवटी आलं. १०८ ची गाडी ज्या दारात उभी राहते त्या घरातलं माणूस बऱ्याचदा दगावतं, म्हणून कुणी गाडीला बोल लावत नाही. सुईला मात्र लावतात.

बाबांबद्दलची एक गोष्ट मला कित्येक वर्षं टोचत राहिली. ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि इन्सुलिनच्या शोधाचा धडा ते फार रंगवून सांगायचे. टोरोंटो, १९२१ चा उन्हाळा, बँटिंग आणि बेस्ट, ते कुत्र्यांवरचे प्रयोग. मग ११ जानेवारी १९२२, चौदा वर्षांचा लेनर्ड थॉम्पसन, हाडांचा सापळा झालेला. पहिलं इंजेक्शन लागू पडलं नाही, कारण औषध अशुद्ध होतं. कॉलिपने ते आणखी शुद्ध केलं, २३ जानेवारीला पुन्हा दिलं आणि पोरगा हळूहळू सावरला. पुढे शोधकर्त्यांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले, इथे बाबा फळ्यावर ‘१’ लिहून खडू खाली ठेवायचे. हे सगळं तोंडपाठ असलेला माणूस स्वतःवर वेळ आल्यावर मागे का सरकला? आता मला वाटतं, ती गोष्टच त्याला कारण असावी. तिच्यात इन्सुलिन मरणाच्या दारातल्या पोराला देतात. ते आपल्याला द्यायचं म्हणजे आपण त्या दाराशी पोचलो, हे बाबांना कबूल नव्हतं.

आईची पाळी आली २०२२ मध्ये.

तिला शुगर निघून चौदा वर्षं झाली होती. तीन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या आणि तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ९.६. ढोबळमानाने रक्तातली साखर रात्रंदिवस २२० ते २३० च्या आसपास. पण मला धास्ती आकड्याची नव्हती, तिच्या चोळीची होती. अठ्ठावन किलोची आई सेहेचाळीसवर आली होती आणि चोळ्या खांद्यावरून घसरत होत्या. उकड्या तांदळाची पेज वाटीभर, भात मूठभर, हुमणातली बांगड्याची एक फोड, एवढ्यावर ती दिवस काढत होती. तरी आकडा हलेना. डॉक्टर म्हणाले, ‘आता इन्सुलिन.’ आई घरी येईपर्यंत गप्प होती. पायरीवर चप्पल काढताना म्हणाली, ‘चवथीची ती नेवरी खाल्ली, तिथंच चुकलं माझं.’ नेवरी म्हणजे आपली करंजी.

हे वाक्य आपल्याकडे किती घरांत म्हटलं जात असेल! आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिची देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात देशाचं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आहे आणि गोव्याचं २६.४. सगळ्या राज्यांत आपण पहिले. चार प्रौढ माणसांत एक. आणि त्या एकाला वाटतं की आपल्या एका नेवरीने घात केला.

मी एका सहकारी सोसायटीत हिशोब लिहिते. जमा आणि नावे या दोन रकान्यांत सगळं बसवायची सवय लागलेली. रात्री आई झोपली की मी वाचायला बसायचे. मला तेव्हा एवढंच हवं होतं, की सुईने माझ्या आईला काय होऊ शकतं आणि सुई न घेतल्याने काय होऊ शकतं, हे दोन्ही एकाच तराजूत घालून पाहावं. वाड्यावरचे लोक फक्त पहिलं सांगत होते, डॉक्टर घाईत फक्त दुसरं.

सगळ्यात आधी जे वाचलं त्याने आईच्या नेवरीचा प्रश्न सोडवला. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये एक मोठा अभ्यास सुरू झाला होता, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यातून दिसलं की टाइप टू मधुमेहाचं निदान होतं त्याच दिवशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची निम्मी ताकद गेलेली असते आणि पुढे ती वर्षागणिक घटत जाते. गोळ्या त्या उरलेल्या ताकदीला ढकलतात किंवा शरीराला ती नीट वापरायला लावतात. ताकदच सरली की ढकलणार कशाला? आई बारीक होत चालली होती आणि साखर चढती होती, याचा अर्थ तिच्या पेशी रिकाम्या होत आल्या होत्या. हे मी तिला दुसऱ्या दिवशी चहा पिताना सांगितलं. ती बराच वेळ कपाकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘म्हणजे मी काही केलं नाही?’ चौदा वर्षं ती स्वतःला दोष देत होती, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

त्याच अभ्यासात सुमारे ३,८६७ नव्या रुग्णांना दोन गटांत वाटलं होतं. एका गटात साखर गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने नेटाने खाली ठेवली, दुसऱ्यात मुख्यतः पथ्यावर भर. दहा वर्षांनंतर पहिल्या गटात डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांचे विकार एक चतुर्थांशाने कमी. हे जमेला. नावे काय? इन्सुलिनवाल्यांचं वजन साध्या गटापेक्षा सरासरी चार किलोंनी जास्त वाढलं. आणि साखर एवढी खाली जाणं की दुसऱ्या कुणीतरी मदतीला धावावं लागावं, असं दरवर्षी इन्सुलिनवरच्या साधारण १.८ टक्के लोकांना झालं. शंभरात दोन. सोसायटीच्या वहीत असा आकडा दिसला असता तर मी पुढे गेले असते. आपल्या आईच्या बाबतीत शंभरात दोन म्हणजे काय, हे मला पुढच्या पावसाळ्यात कळलं.

वाड्यावरच्या ‘तीन सुया, तीन तेरावे’ या हिशोबाचंही उत्तर वाचतानाच सापडलं. मोठ्या दवाखान्यांच्या नोंदी चाळल्या तर खरोखरच इन्सुलिनवरची माणसं जास्त दगावलेली दिसतात. आमच्या वाड्याने जे पाहिलं तेच शास्त्रज्ञांनी लाखोंच्या नोंदींत पाहिलं. पण ज्यांना इन्सुलिन लागतं ती माणसं आधीच जास्त आजारी, जास्त जुनी रुग्ण असतात, मग दोष कोणाचा? हा गुंता सोडवायचा तर चिठ्ठ्या टाकून माणसं वाटावी लागतात. तसं केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये आला. साडेबारा हजार माणसं, चाळीस देश. निम्म्यांना ग्लार्जिन नावाचं दिवसभर पुरणारं इन्सुलिन, निम्म्यांना नेहमीचे उपचार. सहा वर्षांनी मोजलं तर हृदयविकार, पक्षाघात, कर्करोग, मृत्यू, कशातच फरक नाही. ती माणसं आजाराच्या सुरुवातीची होती, माझ्या आईसारखी मुरलेली नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरी तो कागद मिटला तेव्हा बाबांबद्दलची एक गाठ सुटली. सुईने त्यांना मारलं नाही.

मग मी निर्धास्त झाले असते, पण त्याआधी आणखी एक अभ्यास वाचनात आला. अमेरिका आणि कॅनडातला, दहा हजारांहून जास्त माणसांचा, हृदयविकार झालेली किंवा त्याचा धोका असलेली वयस्क माणसं. त्यांच्यातल्या निम्म्यांचा एचबीए१सी सहाच्या खाली आणायचाच असं ठरवलं होतं, बाकीच्यांना सात ते आठच्या दरम्यान राहू दिलं. २००८ मध्ये तो भाग मधेच थांबवावा लागला, कारण जिथे जास्त जोर लावला त्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात २०३. हे वाचल्यावर मी टेबलावरून उठून ओसरीवर गेले. जितका आकडा खाली तितकं चांगलं, हा आपला ठाम समज. बाबांना त्यांच्या मोठ्या आकड्याबद्दल मी रागावत असे. आकडा फार खाली ओढण्याचीही किंमत असते, आणि ती म्हाताऱ्या, हृदय कमजोर झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त मोजावी लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरे मार्ग नव्हते का? होते, आणि डॉक्टरांनी ते काढलेही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी आहे, पण आईला वर्षातून तीनदा लघवीचा संसर्ग व्हायचा. आठवड्यातून एकदा घ्यायचं नवं इंजेक्शन आहे, ते भूक मारतं आणि वजन उतरवतं. लठ्ठ माणसाला ते वरदान. सेहेचाळीस किलोच्या, पेजेची वाटीही न संपवणाऱ्या बाईची उरलेली भूक मारून काय साधणार? तेव्हा ठरलं. लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं तीस-सत्तरचं मिश्रण, सकाळी सोळा युनिट, रात्री दहा. बाटली, सिरिंज, सगळं पिशवीत घालून आम्ही घरी आलो. आई म्हणाली, ‘सुई म्हणटकच भंय दिसता गो.’ पहिले आठ दिवस मी टोचलं, नवव्या दिवशी तिने माझ्या हातातून सिरिंज घेतली.

चार महिन्यांत ती पन्नास किलोंची झाली. पुस्तकात वजन वाढणं धोक्यांच्या यादीत असतं. आमच्या घरात तिने चोळीला घातलेली टाच उसवली तो दिवस मला सणासारखा आठवतो. कुणाच्या बाबतीत काय जमेला आणि काय नावे, हे पुस्तक ठरवत नाही.

सुरुवातीच्या चुका लहान होत्या. पहिली बाटली मी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवली, सुंगटांच्या डब्यामागे. ती गोठली. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं राहत नाही, ते फेकून द्यायचं. तेव्हापासून फ्रीजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात. पावसात दोन-दोन दिवस वीज गेली की वापरातली बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे, तीही उन्हाच्या झळीपासून लांब. हे एकदा अंगवळणी पडलं की पडलं.

मोठी चूक २०२३ च्या पावसाळ्यातली.

नेहमीच्या फार्मसीत सिरिंज संपल्या होत्या. मी घाईत दुसरीकडून एक पाकीट घेतलं. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, ‘इन्सुलिनच्या सिरिंज दे.’ त्याने दिल्या. नेहमी लाल टोपण असायचं, या वेळी नारिंगी. मला वाटलं कंपनी वेगळी असेल. त्यानंतर आईची सकाळची साखर चढू लागली. एकशेचाळीसची दोनशे, मग अडीचशे, मग दोनशे नव्वद. मी दवाखान्यात फोन केला. विचारलं गेलं, खाण्यात बदल? नाही. ताप? नाही. मग दोन-दोन युनिट वाढवा. चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा दोन-दोन. आता सकाळी वीस, रात्री चौदा. मग ते पाकीट संपत आलं आणि मी नेहमीच्या ठिकाणाहून लाल टोपणाच्या सिरिंज आणल्या.

तिसऱ्या रात्री आईचं पोट जड होतं. तिने आठला सुई घेतली आणि पेज अर्धीच प्यायली. मला म्हणाली, ‘पुरो आतां.’ मी भांडी आवरत होते, हूं म्हटलं.

तीनच्या सुमारास जाग आली ती कशाने, ते मला आजही सांगता येत नाही. पंख्याचा आवाज, बाहेर पाऊस, कौलांवरून पाणी. आईच्या खोलीत गेले. ती कुशीवर झोपलेली. हाक मारली तर ‘ऊं’ म्हणाली. कपाळावर हात ठेवला आणि हात ओला झाला. उशी ओली, चोळी पाठीला चिकटलेली, आणि अंग गारठलेलं. दिवा लावून विचारलं, ‘आई, काय होतंय?’ तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘म्हाका कांय जावंक ना. मास्तर शाळेतून आले?’

बाबांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

बोटाला सुई टोचताना माझे हात थरथरत होते, तिचे अजिबात नव्हते. ती हृदयासाठी जी गोळी घेते ती थरथर आणि धडधड झाकून टाकते. घाम तेवढा झाकत नाही. ती ओली उशी नसती तर मी तिला पांघरूण घालून परत गेले असते. यंत्रावर आकडा आला त्रेचाळीस. सत्तरच्या खाली म्हणजे साखर उतरली, चौपन्नच्या खाली म्हणजे मेंदू उपाशी.

ती गिळू शकत होती, हे नशीब. तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून मी तिला घोट घोट पाजली. ती शुद्धीत नसती तर तोंडात काही घालायचं नव्हतं, सरळ १०८. पंधरा मिनिटं. आयुष्यात इतकी लांब पंधरा मिनिटं मी दुसरी पाहिली नाहीत. पुन्हा टोचलं, एकाहत्तर. मग दुधात बुडवून पाव. साडेचारला एकशे आठ. पाच वाजता पाववाल्या पोदेराचा भोंगा ऐकू आला तेव्हा आई उठून बसली होती आणि विचारत होती, उशी कुणी भिजवली.

सकाळी मी डबा उघडला. एक नारिंगी टोपणाची सिरिंज उरली होती, शेजारी लाल. दोन्हींवर चौदाची रेघ. मी दोन्हींत चौदाच्या रेघेपर्यंत पाणी ओढलं आणि दोन चमच्यांत सोडलं. नारिंगीतून तीन थेंब पडले, लालमधून सात.

आपल्याकडच्या बाटलीत बहुतेक वेळा एका मिलिलिटरला चाळीस युनिट असतात आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन टोचायच्या पेनच्या कार्ट्रिजमधलं इन्सुलिन सहसा शंभर युनिटचं. शंभराची सिरिंज नारिंगी टोपणाची. चाळीसचं इन्सुलिन शंभराच्या सिरिंजने मोजलं की औषध अडीच पटीने कमी जातं. म्हणजे तेवढे दिवस आईला रात्री दहा म्हणून चार युनिट जात होते. साखर चढली, आम्ही मात्रा वाढवत नेली, आणि लाल सिरिंज हातात येताच चौदा म्हणजे खरोखरचे चौदा गेले. रात्री आठचं मिश्रण मध्यरात्रीनंतर जोरात असतं. त्यात पेज अर्धी. त्यात तिच्या मूत्रपिंडांच्या कामाचा आकडा पन्नासच्या खाली आलेला, आणि इन्सुलिन शरीरातून बाहेर काढायचं बरंचसं काम त्यांचंच, म्हणजे घेतलेलं इन्सुलिन रेंगाळतं. सगळं एका रात्री एकत्र आलं.

मला त्या फार्मसीचा राग आला, फोनवरच्या आवाजाचा आला. बाटली कोणती आणि सिरिंज कोणती, एवढे दोन प्रश्न कुणीतरी विचारायचे होते. मलाही विचारायचे होते. टोपणाचा रंग मीच रोज दोन वेळा बघत होते.

त्या आठवड्यात आई सुई सोडते म्हणाली असती तर मी तिला अडवलं नसतं. वाड्यावर तर सगळे म्हणालेच. मी स्वतः दोन रात्री तिच्या खोलीत खाली चटई टाकून झोपले आणि विचार करत राहिले. एका बाजूला बाबांचं काळं बोट. ते महिनोनमहिने हळूहळू काळं होत गेलं, कुणाला जाग न आणता. दुसऱ्या बाजूला ही एक रात्र. माणसाचं मन रात्रीलाच जास्त घाबरतं. एका रात्रीत जे होतं ते डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि चौदा वर्षांत जे होतं ते मोजायला कुणी बसत नाही. मी दोन्ही पाहिली होती, तरी मला ती रात्रच जड वाटत होती.

फोंड्याच्या डॉक्टरांनी तिला तपासताना लुगड्याचा काठ सरकवायला सांगितला. बेंबीच्या उजवीकडे त्यांनी बोट फिरवलं आणि माझं बोट तिथे ठेवलं. कातडीखाली आंबाड्याएवढी मऊ गाठ. आई रोज त्याच जागी टोचत होती, कारण तिथे दुखत नाही. तिथे दुखत नाही कारण तिथे चरबी साचून ती जागा बधिर झालेली असते, आणि अशा गाठीतून इन्सुलिन कधी धिम्या गतीने शोषलं जातं, कधी एकदम. म्हणजे सिरिंज बरोबर असती तरी आकडा कधी ना कधी वर-खाली उडाला असता. नव्या जागी टोचायला लागाल तेव्हा मात्रा कमी करावी लागेल, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. आठ महिने आम्ही सुई आणि आकडा बघत होतो, पोट कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी मिश्रण बंद केलं. सकाळी एकदाच, पेनने, दिवसभर पुरणारं, बारा युनिट. रात्री साखर उतरण्याचा धोका त्यात कमी. महाग आहे, पण रात्रीची झोप त्याच्याहून महाग. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते पचवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘यापुढे एचबीए१सी साडेसात ते आठ. सातच्या खाली आला तर मला आनंद होणार नाही, मी मात्रा कमी करीन.’ आयुष्यभर नव्याण्णव टक्के का नाहीत म्हणून विचारणाऱ्या मास्तरांची मुलगी मी. आठ म्हणजे सरासरी १८३. एवढी साखर असू द्यायची? पण आईला डोळे आणि पाय हवेत तसं तीन वाजता स्वतःचं नावही आठवायला हवं. या वयाला, या मूत्रपिंडांना, या हृदयाला हाच तिचा बरोबर आकडा आहे. पंचेचाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाला तो बरोबर नसेल, त्याच्यापुढे चाळीस वर्षं आहेत.

आता घरात काही गोष्टी ठरल्यासारख्या होतात. एकादशीला उपास असला तर आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारायचं, आणि साबुदाणा असो की रताळं, पोटात काहीतरी जायचंच. देवळातल्या जत्रेला ती नाटक बघायला पहाटेपर्यंत बसते, तेव्हा कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी. पोटावर आम्ही चार भाग ठरवलेत, आठवड्याला एक. उशीजवळ यंत्र. महिन्यातून दोनदा मी तीन वाजताचा गजर लावते. आई कुरकुरते, बोट पुढे करते आणि झोपेतच विचारते, ‘कितलें?’ एकशे तीस, एकशे बेचाळीस. मी सांगते तोवर ती पुन्हा घोरत असते.

मागच्या महिन्यात पलीकडच्या काकी आल्या. काकांना इन्सुलिन सांगितलंय. हातात फार्मसीची पिशवी, डोळ्यांत तीच मास्तरांची गोष्ट. ओसरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘बाय, तू वाचतेस. घेऊ दे का नको?’

मला हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, ‘काका रात्री किती वाजता जेवतात?’ नेम नसतो म्हणाल्या. ‘आणि जेवणाआधी फेणी?’ त्या खाली बघू लागल्या. दारूच्या मागे लागलेलं यकृत रात्री साखर सोडत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं, आणि काकांनी हे डॉक्टरांपासून लपवायचं नाही, हेही. मग विचारलं, रात्री त्यांच्याजवळ कोण झोपतं, किडनीचा रिपोर्ट कधी काढला, शुगर तपासायचं यंत्र घरात आहे का. काकी एकेकाचं उत्तर देत होत्या. दोन उत्तरं त्यांच्याकडे नव्हती, ती विचारून येते म्हणाल्या.

आई इतका वेळ आत तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती बाहेर आली, काकींच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि बाटली आधी बाहेर काढली. चष्मा कपाळावर चढवून, बाटली डोळ्यांजवळ नेऊन तिने दारातल्या उजेडात लेबल वाचलं. ‘चाळीस.’ मग पिशवीत हात घालून तिने सिरिंजचं पाकीट काढलं, आणि काही बोलायच्या आधी ते उलटं करून टोपणं पाहिली.

‘तांबडीं आसात,’ ती काकींना म्हणाली. ‘आतां बस. पोटार खंय तोपप तें दाखयतां.’